कानामागचा सोबती

पाठ-परिचय : वाढत्या वयाबरोबर ऐकू कमी येणे ही घरोघरी आढळणारी गोष्ट आहे. त्यावर कानामागे लावण्याचे श्रवणयंत्र हा चांगला उपाय आहे. मात्र ते यंत्र वापरायला शिकावे लागते आणि त्याची निगाही राखावी लागते. भिलाई येथे राहणाऱ्या लेखिकेने आपल्या वडिलांच्या अनुभवाच्या आधारे या पाठात ते सांगितले आहे.

मराठी भाषेने कानाकडे पुष्कळ कामे सोपवली आहेत. एखादी बातमी आपल्या 'कानावर येते'. नको असलेल्या गोष्टीकडे आपण 'कानाडोळा' करतो. चहाडखोर माणूस दुसऱ्याचे 'कान फुंकतो', वडीलधारी माणसे 'कानउघाडणी' करतात, तेच ते ऐकून 'कान किटतात' आणि गुपित सांगताना 'भिंतीलाही कान असतात' असे आपण एकमेकांना बजावतो. नवविधा भक्तीतही पहिला मान श्रवणाचा आहे. कीर्तनाचा क्रम त्यानंतर येतो. कानाचे एवढे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या समाजात कान अधू झालेल्या माणसाची मात्र उपेक्षा होते. डोळ्यांना कमी दिसू लागले की माणूस चष्मा करतो आणि त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. कानांना कमी ऐकू येऊ लागले की तो ते लपवतो, घरचे लोक ते हसण्यावारी नेतात आणि 'बहिरा' हा शब्द तर शिवीसारखा वापरला जातो.

आमच्या घरी हा अनुभव वडिलांच्या निमित्ताने आला. बाबा मूळचे गोंदियाचे. १९६१ साली ते नोकरीसाठी भिलाईला आले आणि हिशेबखात्यात काम करून २००० साली निवृत्त झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य निर्माण झाले. आपली निवृत्ती आणि नव्या राज्याचा जन्म एकाच वर्षातला, असे ते कौतुकाने सांगत. सेक्टर ६ मधील आमच्या गल्लीत तेव्हा तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि छत्तीसगडी अशी सर्व प्रकारची कुटुंबे होती. पोलादाच्या कारखान्याने वसवलेल्या या गावात सगळ्यांना जोडणारी भाषा हिंदी होती. पण प्रत्येकाच्या हिंदीला आपापल्या मातृभाषेचा वास होता. घरात आम्ही मराठी बोलत असू.

बाबांना कमी ऐकू येऊ लागले आहे हे प्रथम या हिंदीने दाखवून दिले. संध्याकाळी शेजारच्या मंडळींबरोबर कट्ट्यावर बसणारे बाबा हळूहळू गप्प राहू लागले. तेलुगू शेजाऱ्यांचे हिंदी आपल्याला समजत नाही, असे ते म्हणत. गेली तीस वर्षे तेच हिंदी त्यांना उत्तम समजत होते! घरातले मराठी मात्र त्यांना बऱ्यापैकी कळे. याचे कारण पुढे श्रवणतज्ज्ञांनी समजावून सांगितले. मातृभाषेत चार अक्षरांपैकी दोनच ऐकू आली तरी उरलेली दोन मन आपोआप भरून काढते. दुसऱ्या भाषेत, त्यातही निराळ्या उच्चारात, ही भर घालणे अवघड जाते. म्हणून मातृभाषेच्या आडोशाला माणसाचे बहिरेपण बरेच दिवस लपून राहू शकते.

पुढे मराठीतही घोटाळे होऊ लागले. आई म्हणाली, "साखर संपली," तर बाबांचे उत्तर, "मग भाकर कशाला? पोळ्याच कर." घरात हशा पिकला. असे प्रसंग प्रत्येक घरी घडतात आणि विनोदी किस्से म्हणून सांगितले जातात. परंतु या विनोदामागे शरीराचा एक नियम असतो. आपल्या कानाच्या अगदी आतल्या, शंखासारख्या भागात केसांप्रमाणे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात. प्रत्येक कानात त्या सुमारे १५,००० असतात. आवाजाच्या लहरी त्या टिपतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे पोहोचवतात. या पेशी वयोमानाने झिजतात, मोठ्या आवाजाच्या सतत माऱ्याने मरतात, आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यांतही उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होतात. स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांचा मोठा भाग याच उंच पट्टीत असतो. स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्यामुळे ठळक ऐकू येतात. म्हणूनच 'साखर' आणि 'भाकर' यांतील फरक नाहीसा होतो. "मला ऐकू येते, पण काय म्हणता ते समजत नाही," अशी तक्रार अशी माणसे करतात. ती अक्षरशः खरी असते.

बहिरेपणाचा त्रास एकट्या माणसाला होतो, असे आपण समजतो. आमच्या घरी तो आईलाही झाला. एकदा मी तिला विचारले, "आई, तू अलीकडे बाबांशी फार बोलत नाहीस, रागावलीस का?" ती म्हणाली, "राग कसला गं? जेवायला चला, औषध घ्या, फोन आला आहे, हे मी ओरडून सांगते. बाकीचं जे असतं ना, त्यात ओरडून सांगण्यासारखं काही नसतं."

आईच्या या वाक्याने या प्रश्नाचे मूळ माझ्या लक्षात आले. संसार कामाच्या बोलण्यावर चालतो खरा, पण तो टिकतो बिनकामाच्या बोलण्यावर. आज भाजीवाला उशिरा आला, समोरच्या आंब्याला मोहोर आला, दुपारी छान झोप लागली, या गोष्टी सांगितल्या नाहीत तरी कोणाचे काही अडत नाही. त्या हळू आवाजातच बोलायच्या असतात. ओरडून सांगितल्या की त्यांतला गोडवा जातो. ज्या घरात एका माणसाला कमी ऐकू येते, त्या घरातून हे बोलणे आधी नाहीसे होते. उरतात त्या फक्त सूचना.

२००६ साली आम्ही बाबांना तपासणीसाठी नेले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी प्रथम कानांत मळ साचला आहे का, पडद्याला छिद्र आहे का, हे पाहिले. कारण काही वेळा केवळ मळ काढल्यानेही ऐकू येऊ लागते. त्यानंतर श्रवणतज्ज्ञांनी त्यांना आवाजबंद खोलीत बसवून निरनिराळ्या पट्ट्यांतले बारीक आवाज ऐकवले आणि त्याचा आलेख काढला. उजव्या कानाच्या खुणा लाल आणि डाव्या कानाच्या निळ्या. खालच्या पट्टीपासून उंच पट्टीकडे जाताना रेषा उताराला लागल्या होत्या. या झिजेवर औषध किंवा शस्त्रक्रिया नाही, श्रवणयंत्र हाच उपाय, असे त्यांनी सांगितले. मग मऊ लगदा कानात भरून साचा घेतला आणि आठवड्याभराने कानामागे लावण्याची दोन यंत्रे बाबांच्या स्वाधीन झाली.

या यंत्राची रचना समजली म्हणजे त्याची भीती वाटेनाशी होते. कानामागे बसणाऱ्या चंद्रकोरीसारख्या डबीत बारीक माइक, आवाज वाढवणारी यंत्रणा, छोटा स्पीकर आणि सेल असतो. डबीच्या टोकाला वाकडा हुक असतो. हुकाला पारदर्शक नळी जोडलेली असते आणि नळीच्या शेवटी कानाच्या मापाचा साचा असतो. माइक आवाज टिपतो, यंत्रणा तो हव्या त्या पट्टीत वाढवते आणि नळीतून तो कानात पोहोचतो. पूर्वी माणसे कानाला कर्णा लावून ऐकत असत. विजेवर चालणारे श्रवणयंत्र १८९८ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले. पुढे खिशात ठेवण्याची आणि तारेने कानाला जोडण्याची यंत्रे आली. १९५२ नंतर ट्रान्झिस्टरमुळे ती लहान झाली आणि १९९० नंतरच्या दशकात डिजिटल झाली. डिजिटल यंत्र प्रत्येकाच्या आलेखाप्रमाणे संगणकावर जुळवून घेता येते. म्हणूनच दुसऱ्याचे यंत्र मागून वापरू नये.

यंत्र घरी आले आणि चौथ्या दिवशी टेबलाच्या खणात गेले. बाबांना ते सोसवेना. पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची पाने उलटण्याचा आवाज, स्वतःच्या चावण्याचा आवाज असे सारे एकदम अंगावर आले. "मला माणसं ऐकायची होती, हे मशीन मला भांडी ऐकवतं," असे ते वैतागून म्हणाले. देशभर कितीतरी यंत्रे अशीच खणांत पडून असतील. चष्मा लावला की लगेच दिसते, तसे श्रवणयंत्राचे नसते. अनेक वर्षे विसरलेले आवाज मेंदूपुढे पुन्हा येतात, तेव्हा कोणता ऐकायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे त्याला नव्याने शिकावे लागते. श्रवणतज्ज्ञांनी बाबांना क्रम घालून दिला. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, रोज तास-दोन तास. मग हळूहळू वेळ वाढवायची. त्यानंतर दूरदर्शनवरील बातम्या, मग कट्टा, आणि बाजाराचा किंवा लग्नाचा गोंगाट सर्वांत शेवटी. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन यंत्राची जुळणी बदलून घ्यायची. बाबा हिशेबखात्यातले, त्यामुळे त्यांनी वहीत तारखा आणि तास लिहून ठेवले.

तिसऱ्या आठवड्यातली एक संध्याकाळ मला आठवते. आई अंगणात जाईची फुले वेचत होती. ती आपल्याशीच बोलावे तशी पुटपुटली, "आज जाई जरा जास्तच फुलली." पायरीवर बसलेले बाबा म्हणाले, "काल मी दोन बादल्या पाणी घातलं होतं." आईने चमकून मागे पाहिले. कित्येक वर्षांनी तिचे एक बिनकामाचे वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचले होते.

यंत्र साथ देऊ लागले की त्याची देखभाल सुरू होते. या देखभालीत अवघड काही नाही, पण तीत खंड पडून चालत नाही. यंत्राचे मोठे शत्रू दोन : ओलावा आणि कानाचा मळ. भिलाईच्या मे महिन्यात घामाच्या धारा लागतात आणि जूनच्या मध्यानंतर पावसाची दमट हवा येते. म्हणजे ओलाव्याला वर्षाचे निम्मे महिने मोकळे! आंघोळीपूर्वी, केसांना तेल लावण्यापूर्वी, तोंडावर पाणी मारण्यापूर्वी यंत्र काढून ठेवावे. पावसात बाहेर पडताना छत्री असली तरी कान झाकावेत. रात्री झोपताना यंत्र काढून कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, सेलचे दार उघडे ठेवावे आणि सिलिका जेलचे दाणे असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ते ठेवावे. हे दाणे हवेतला ओलावा शोषतात. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांची शक्ती संपली असे समजावे आणि ते बदलावेत. यंत्र उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये.

कानात बसणाऱ्या साच्यावर मळ साचतो. साचा रोज कोरड्या कापडाने पुसावा आणि आठवड्यातून एकदा धुवावा. धुताना मात्र साचा नळीसकट हुकापासून अलग करावा. कारण डबीला पाणी लागता कामा नये. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून साचा धुवावा, फुंकणीच्या रबरी फुग्याने नळीतले पाण्याचे थेंब उडवावेत आणि साचा रात्रभर वाळू द्यावा. डबी पुसण्यासाठी स्पिरिट वापरू नये. काही महिन्यांनी नळी पिवळी आणि कडक होते; तेव्हा ती श्रवणतज्ज्ञांकडून बदलून घ्यावी.

सेलचेही काही नियम आहेत. या यंत्रात बहुधा जस्त आणि हवा यांवर चालणारे बटणाएवढे सेल असतात. त्यांवर रंगीत कागद चिकटवलेला असतो. १३ क्रमांकाला नारिंगी आणि ६७५ क्रमांकाला निळा. कागद काढला की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. तो एक-दोन मिनिटे तसाच ठेवून मग यंत्रात बसवावा. एकदा जागा झालेला सेल पुन्हा कागद चिकटवून झोपवता येत नाही, म्हणून वापरायच्या वेळीच कागद काढावा. आजकाल पुन्हा चार्ज करता येणारी यंत्रेही मिळतात. सेलच्या बाबतीत एक धोका सदैव लक्षात ठेवला पाहिजे. घरात लहान मूल असेल तर सेल त्याच्या हाती कदापि लागू देऊ नये. मुलाने तो गिळल्यास किंवा नाकाकानात घातल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे; अशा सेलमुळे आतील भाग भाजल्यासारखा होऊन जिवावर बेतू शकते.

यंत्र शिटी वाजवू लागले की ते बिघडले, असा अनेकांचा समज होतो. बहुतेक वेळा साचा कानात नीट बसलेला नसतो. कानातून निसटलेला आवाज पुन्हा माइककडे जातो, पुन्हा वाढतो आणि त्याची शिटी होते. साचा काढून व्यवस्थित बसवावा. तरीही शिटी थांबली नाही तर कानात मळ आहे का, साचा सैल झाला आहे का, हे तपासून घ्यावे. आवाज मुळीच येत नसेल तर आधी सेल, मग साच्याचे छिद्र, मग नळी असा क्रमाने शोध घ्यावा. दुरुस्तीच्या दुकानात जाण्यापूर्वी या तीन गोष्टी घरीच पाहता येतात. स्वतः यंत्र उघडण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.

यंत्राचा खर्च सर्वांना झेपत नाही, हेही खरे. कमी उत्पन्न असलेल्या दिव्यांग व्यक्तींना साहाय्यक उपकरणे देण्यासाठी केंद्र सरकारची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे आणि तीत श्रवणयंत्रांचाही समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती अधिकार कायद्यानुसार बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल इतकी घट असलेली व्यक्ती 'ऐकू कमी येणारी' आणि ७० डेसिबलची घट असलेली व्यक्ती 'कर्णबधिर' मानली जाते. जिल्हा रुग्णालयात याविषयी चौकशी करता येते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या क्षेत्रातील तज्ज्ञ घडवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना ऐकण्याच्या दोषासाठी उपचारांची किंवा साहाय्याची गरज आहे. म्हणजे आपल्या बाबांना, आजीला किंवा मामांना कमी ऐकू येते, यात लाजण्यासारखे किंवा जगावेगळे काहीच नाही. ज्यांचे कान आज शाबूत आहेत त्यांनीही ते जपावेत. यंत्रांच्या गोंगाटात काम करताना कानांत बोळे घालावेत आणि मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरपासून दूर उभे राहावे. गेलेल्या पेशी परत येत नाहीत.

आज बाबा पंच्याऐंशीचे आहेत आणि हे त्यांचे चौथे यंत्र आहे. एवढ्या वर्षांत आम्हा सर्वांना एक गोष्ट पटली आहे : यंत्र आवाज मोठा करते, पण तो समजावा म्हणून बोलणाऱ्यालाही दोन पावले पुढे यावे लागते. आमच्या घरी आता स्वयंपाकघरातून कोणी बाबांना हाक मारत नाही. समोर जाऊन, चेहऱ्यावर उजेड असेल असे उभे राहून बोलतात. आधी नाव घेऊन लक्ष वेधतात आणि मग विषय काढतात. बोलण्यापूर्वी कूलर किंवा टीव्ही बंद करतात. ओरडत नाहीत, कारण ओरडल्याने शब्दांचा आकार बिघडतो. सावकाश आणि स्पष्ट बोलतात. एखादे वाक्य कळले नाही तर तेच चारदा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगतात. जेवताना एका वेळी एकानेच बोलायचे, हा नियम तर माझ्या नातवंडांनीही उचलला आहे.

आणखी एक नियम आईने घालून दिला आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ऐकू कमी येणारा माणूस "काय म्हणालात?" असे विचारतो, तेव्हा पुष्कळदा त्याला उत्तर मिळते, "काही नाही, जाऊ द्या." सांगणाऱ्याला ती गोष्ट क्षुल्लक वाटते म्हणून तो तसे म्हणतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच कळते की, ती गोष्ट सर्वांसाठी होती, आपल्यासाठी नव्हती. आमच्या घरी 'जाऊ द्या' म्हणायला मनाई आहे. भाजी महाग झाली असो की शेजारच्या मांजरीला पिल्ले झाली असोत, विचारले की पुन्हा सांगायचे, तेवढ्याच आनंदाने.

स्वाध्याय

१. बाबांच्या बहिरेपणाची खूण मराठीआधी हिंदी बोलण्यात का दिसून आली?
२. 'संसार कामाच्या बोलण्यावर चालतो खरा, पण तो टिकतो बिनकामाच्या बोलण्यावर.' या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. श्रवणयंत्राचे ओलाव्यापासून रक्षण करण्यासाठी कोणती काळजी घ्यावी?
४. 'कान' या शब्दापासून तयार झालेले, पाठात न आलेले तीन वाक्प्रचार लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. आपल्या घरात किंवा शेजारी ऐकू कमी येणारी व्यक्ती असल्यास तिच्याशी बोलून तिचा अनुभव दहा ओळींत लिहा.